इमारतींचा ऊर्जा-कायदा नकाशापाशीच थांबणार काय?

'कमिशन' या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ मराठी माणसाच्या चांगले परिचयाचे आहेत. एक दलाली आणि दुसरा चौकशी आयोग. पहिल्याने कामे मार्गी लागतात आणि दुसऱ्याने ती लांबणीवर पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. या शब्दाचा तिसरा अर्थ मात्र वृत्तपत्रातील एका ठराविक बातमीपुरताच आपल्या कानांवर येतो. अमुक वीजकेंद्राचा तमुक मेगावॉटचा संच 'कार्यान्वित' झाला, ही ती बातमी. संच उभारणे आणि तो कार्यान्वित करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे त्या क्षेत्रात कोणालाही सांगावे लागत नाही. यंत्र बसवून झाले तरी ते निरनिराळ्या भारावर चालवून पाहतात, त्याची सुरक्षा-साधने ऐन वेळी काम करतात की नाही हे तपासतात, आणि मगच ते चालवणाऱ्यांच्या हवाली करतात. जहाजांच्या बाबतीत तर ही परंपरा फार जुनी. बांधलेले जहाज पाण्यात सोडले तरी समुद्रावरील चाचण्यांत ते उतरल्याशिवाय नौदल त्याला आपल्या ताफ्यात दाखल करून घेत नाही.

इमारतीला मात्र ही शिस्त कोणी लावली नव्हती. रंग वाळला, उद्‍वाहन वरखाली जाऊ लागले, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली गेली की इमारत पूर्ण झाली असे समजण्याचा प्रघात जगभर होता. जुन्या काळच्या वाड्याला किंवा चाळीला हा प्रघात पुरेसा होता, कारण तिथे बिघडण्यासारखे यंत्र जवळजवळ नव्हतेच. आजचे मोठे कार्यालय, रुग्णालय अथवा विद्यापीठाचे ग्रंथालय हे वस्तुतः भिंतींनी झाकलेले एक यंत्रच असते. शीतयंत्रे, पंप, पंखे, हवेचे मार्ग, शेकडो झडपा, तापमान मोजणारे सेन्सर आणि या सर्वांना हुकूम सोडणारी नियंत्रण-यंत्रणा अशी ती गुंतागुंत आहे. हे यंत्र ठरल्याप्रमाणे चालते काय, हा प्रश्न कायद्याने विचारावा की नाही, हा विषय वरवर रुक्ष वाटेल. पण सरकारी इमारतींचे वीजबिल ज्याच्या करातून भरले जाते आणि ज्याला त्याच इमारतींत बसून काम करावे लागते, त्या नागरिकाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

कायदा कुठून आला?

इमारतींनी वीज व इंधन किती जाळावे यावर बंधन घालण्याची कल्पना १९७३ च्या तेल-संकटातून पुढे आली. अमेरिकेत वातानुकूलन-अभियंत्यांच्या 'अ‍ॅश्रे' या संस्थेने १९७५ मध्ये या विषयावरील आपले पहिले मानक प्रसिद्ध केले. त्याच्या पुढील आवृत्त्या आज '९०.१' या क्रमांकाने ओळखल्या जातात. कॅलिफोर्निया राज्याने १९७४ मध्ये स्वतंत्र ऊर्जा आयोग स्थापण्याचा कायदा केला आणि १९७८ पासून इमारतींसाठी स्वतःचे ऊर्जा-नियम लागू केले. पुढे १९९२ च्या संघीय कायद्याने व्यापारी इमारतींच्या बाबतीत राज्यांच्या संहितांची सांगड या '९०.१' मानकाशी घातली. तथापि अमेरिकेत इमारतींचा कायदा हा राज्यांचा आणि नगरपालिकांचा विषय आहे. तज्ज्ञ संस्था नमुना संहिता लिहितात आणि राज्ये ती जशीच्या तशी किंवा फेरफार करून स्वीकारतात. त्यामुळे एका राज्यात जे सक्तीचे आहे ते शेजारच्या राज्यात ऐच्छिक असू शकते.

या सर्व संहितांचा आरंभीचा रोख एकच होता. भिंतीला किती जाडीचा उष्णतारोधक थर हवा, काच कोणत्या प्रतीची हवी, शीतयंत्राची कार्यक्षमता किमान किती हवी, दर चौरस फुटास प्रकाशासाठी किती वॉट वापरावेत, याची कोष्टके त्यांत असत. वास्तुविशारदाने नकाशे सादर करायचे, अधिकाऱ्याने ते कोष्टकाशी ताडून पाहायचे आणि परवाना द्यायचा. या व्यवस्थेने इमारतींचा दर्जा निश्चित सुधारला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतक होते. नकाशात जे आहे तेच बांधले जाईल, आणि जे बांधले जाईल ते अपेक्षेप्रमाणे चालेल, हे ते गृहीतक. यातील पहिला भाग निरीक्षक डोळ्यांनी पाहू शकत होता. दुसरा भाग पाहण्याची सोयच नव्हती.

मुका बिघाड

छत गळू लागले तर ते स्वतःच तक्रार करते. उद्‍वाहन बंद पडले तर दहा माणसे ओरडतात. ऊर्जेची नासाडी करणारा बिघाड मात्र बहुधा मुका असतो, आणि या विषयाचे सारे मर्म या मुकेपणात आहे.

एक उदाहरण घेता येईल. अमेरिकेतील बऱ्याच मोठ्या इमारतींत अशी योजना असते, की बाहेरची हवा पुरेशी थंड असेल तेव्हा शीतयंत्राला विश्रांती द्यावी आणि तीच हवा आत घ्यावी. त्यासाठी एक झडप आणि ती उघडमीट करणारी छोटी मोटर असते. ही झडप गंजून अडकली, मोटरची जोडणी उलट झाली किंवा बाहेरचे तापमान मोजणारा सेन्सर भर उन्हात बसवला गेला, तर योजना निष्फळ ठरते. पण त्यामुळे खोली गरम होत नाही. शीतयंत्र निमूटपणे जास्त वेळ चालून ती उणीव भरून काढते. आत बसलेल्यांना काहीच कळत नाही. कळते ते फक्त मीटरला, आणि मीटरचे बिल ज्या विभागात जाते त्या विभागाला झडप कुठे आहे हे ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण याहून विचित्र आहे. एकाच हवेला आधी थंड करून मग पुन्हा तापवण्याचा प्रकार अनेक इमारतींत चालू असतो. गरम पाण्याची झडप पूर्ण मिटत नाही एवढेच त्याला कारण असते. थंडावा निर्माण करण्यासाठी वीज जाळायची आणि तो नाहीसा करण्यासाठी पुन्हा इंधन जाळायचे, असा हा व्यवहार. खोलीचे तापमान दोहोंच्या झगड्यातून बरोबर राहते, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. माणूस नसताना दिवे मालवणारा सेन्सर कपाटाच्या मागे बसवला जाणे, रात्री बंद व्हावयाचे पंखे चोवीस तास फिरत राहणे, हेही याच जातीचे. यांतील प्रत्येक इमारत नकाशाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली असू शकते.

कलम आले, पण सावकाश

या दुखण्यावर उपाय म्हणून कमिशनिंगची पद्धत पुढे आली. 'अ‍ॅश्रे' संस्थेने १९८४ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि १९८९ मध्ये वातानुकूलन-यंत्रणेच्या कमिशनिंगची पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मार्गदर्शिका म्हणजे सल्ला, सक्ती नव्हे. पुढे १९९९ च्या '९०.१' मानकाने एक पाऊल टाकले. यंत्रणेतील हवेचे व पाण्याचे प्रवाह संतुलित करून त्याचा लेखी अहवाल मालकाला द्यावा, आणि ५०,००० चौरस फुटांहून मोठ्या प्रकल्पांत कमिशनिंगच्या सूचना आराखडा करणाऱ्यानेच लिहून द्याव्यात, असे त्यात आले. याच सुमारास 'लीड' या हरित इमारतींच्या ऐच्छिक मानांकनाने कमिशनिंग ही पूर्वअट केली. ज्यांना नावलौकिक हवा होता ते त्यामुळे या वाटेने जाऊ लागले.

सर्वसाधारण व्यापारी इमारतीला ही गोष्ट खऱ्या अर्थाने लागू होण्याचा मार्ग २०१२ मध्ये मोकळा झाला. अमेरिकेतील बहुतेक राज्ये ज्या नमुना संहितेचा आधार घेतात, त्या 'आंतरराष्ट्रीय ऊर्जा-संवर्धन संहिते'च्या त्या वर्षीच्या आवृत्तीत कमिशनिंगचे स्वतंत्र कलम आले. ज्या इमारतीची थंडाव्याची एकूण क्षमता ताशी ४,८०,००० बीटीयू, म्हणजे ४० टन, यापेक्षा कमी आहे आणि जिची उष्णतेची क्षमताही ठराविक मर्यादेच्या आत आहे, तिला यांत्रिक यंत्रणेच्या बाबतीत यातून सूट आहे. इतरांना आधी कमिशनिंगची योजना लिहावी लागते. कोणते यंत्र कोणी, कोणत्या परिस्थितीत, कसे तपासायचे आणि ते उत्तीर्ण केव्हा समजायचे, हे त्या योजनेत आधीच नोंदवायचे असते. मग प्रत्यक्ष कार्यपरीक्षा होते. यंत्र नुसते सुरू करून दाखवणे येथे चालत नाही. पूर्ण भार, अंशतः भार आणि आणीबाणीची स्थिती या सर्वांत ते कसे वागते हे पाहावे लागते. दिव्यांच्या नियंत्रणांनाही ही परीक्षा द्यावी लागते. शेवटच्या तपासणीपूर्वी प्राथमिक अहवाल तयार हवा, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत अंतिम अहवाल, नकाशे व यंत्रांच्या पुस्तिका मालकाच्या हाती पडल्या पाहिजेत.

या कलमातील एक बारकावा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जानेवारीत पूर्ण झालेल्या इमारतीची थंडाव्याची परीक्षा भर हिमवर्षावात घेता येत नाही. म्हणून ऋतुमानामुळे ज्या चाचण्या लांबणीवर टाकाव्या लागतात त्यांची, आणि त्या कोणत्या हवामानात घ्यायच्या याची नोंद प्राथमिक अहवालात करावी असे संहिता सांगते. उरलेले दोषही तिथेच नमूद करायचे. आपली तपासणी अपुरी आहे हे कबूल करून उरलेले काम उन्हाळ्याच्या नावाने टाचून ठेवणारा कायदा विरळाच म्हणावा लागेल. कायदे लिहिणाऱ्यांनी प्रत्यक्ष कामाच्या जागी पाय ठेवला की कलमांना असा व्यवहारी गुण येतो.

फायदा किती, आणि कोणाचा?

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये ६४३ इमारतींच्या कमिशनिंगचा हिशेब मांडला. या इमारतींत ऊर्जेशी संबंधित दहा हजारांहून अधिक दोष सापडले होते. दोष दूर केल्यावर जुन्या इमारतींत ऊर्जेची बचत मध्यक मानाने १६ टक्के, तर नव्या इमारतींत १३ टक्के झाली. जुन्या इमारतींत हा खर्च साधारण १.१ वर्षात आणि नव्यांत ४.२ वर्षांत भरून निघाला. हे आकडे ज्या मालकांनी स्वखुशीने तपासणी करून घेतली त्यांच्या इमारतींचे आहेत, तेव्हा सक्तीने केलेल्या तपासणीतही तेवढेच यश मिळेल असे धरून चालणे बरोबर होणार नाही. तरीही नवे कोणतेही यंत्र न घेता, असलेलेच नीट चालवून एवढी बचत होते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

मग सक्तीची गरजच काय, असा प्रश्न कोणी करील. ज्यात फायदा आहे ते मालक आपण होऊन करीलच की! येथे अर्थशास्त्राची एक जुनी गाठ आडवी येते. इमारत बांधतो एक आणि वीजबिल भरतो दुसरा. बांधणाऱ्याला काम लवकर संपवून पैसे मोकळे करायचे असतात. बांधकामाला झालेला उशीर शेवटी यंत्रणांच्या चाचण्यांसाठी राखलेल्या दिवसांतून वसूल केला जातो, हा जगभरचा अनुभव आहे. भाडेकरूला झडप दिसत नाही. सरकारी इमारतीत बांधकामाचे अंदाजपत्रक एका खात्याचे आणि विजेचे देयक दुसऱ्या खात्याचे असते. फायदा आहे हे खरे, पण ज्याने खर्च करायचा त्याच्या पदरात तो पडत नाही, आणि कायद्याच्या हस्तक्षेपाचे समर्थन येथेच सापडते.

परीक्षक कोणाचा माणूस?

सर्वांत अवघड प्रश्न परीक्षकाचा आहे. ज्याने आराखडा केला किंवा ज्याने यंत्रे बसवली त्यानेच ती तपासायची, तर विद्यार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासण्यासारखे होईल. कॅलिफोर्नियाने आपल्या २०१३ च्या नियमावलीत यावर पायऱ्यापायऱ्यांचा तोडगा काढला. १०,००० चौरस फुटांपर्यंतच्या लहान इमारतीत आराखड्याची छाननी मूळ अभियंत्याने केली तरी चालेल. त्यापुढे ५०,००० चौरस फुटांपर्यंत त्याच संस्थेतील, पण त्या प्रकल्पाशी संबंध नसलेला जाणकार हवा. त्याहून मोठ्या इमारतीला पूर्णपणे त्रयस्थ व्यक्ती हवी. दिव्यांच्या नियंत्रणांच्या स्वीकृती-चाचण्या प्रशिक्षित व प्रमाणित तंत्रज्ञांनीच घ्याव्यात, ही अटही त्या राज्याने २०१४ पासून घातली. लहान इमारतीवर मोठ्या इमारतीचा बोजा टाकायचा नाही आणि मोठीला लहानीची सवलत द्यायची नाही, असे हे तारतम्य आहे.

तरीसुद्धा या कलमांच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. नमुना संहितेप्रमाणे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः कार्यपरीक्षा घ्यायची नसते. ती झाल्याचा पुरावा पाहायचा असतो. दोषांची यादी अहवालात लिहिलेली असली म्हणजे दोष दुरुस्त झाले असेही नव्हे. शिवाय आज उत्तम चालणारी यंत्रणा दहा वर्षांनी तशीच चालेल याची हमी कोण देणार? नव्याचे नऊ दिवस सरले की कोणीतरी तक्रारीवरून तापमानाचा काटा फिरवतो, कोणी आवाज येतो म्हणून पंखा बांधून ठेवतो, आणि यंत्रणा हळूहळू बिघडत जाते. न्यूयॉर्क शहराने म्हणूनच २००९ मध्ये ८७ क्रमांकाचा स्थानिक कायदा करून ५०,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना दर दहा वर्षांनी ऊर्जा-तपासणी आणि पुनःकमिशनिंग सक्तीचे केले. वाहनाला योग्यता-प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडील स्थिती

भारताने २००१ मध्ये ऊर्जा-संवर्धन कायदा केला, २००२ मध्ये ऊर्जा-कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी पहिली ऊर्जा-संहिता प्रसिद्ध झाली. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करार-मागणी असलेल्या इमारती तिच्या कक्षेत येतात. या संहितेवर '९०.१' मानकाची छाप उघड आहे. त्यातील संतुलनाचे कलमही तिने उचलले. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक वातानुकूलित क्षेत्र असेल तर संतुलनाचा लेखी अहवाल मालकाला द्यावा, असे ते कलम. परंतु कार्यपरीक्षा, प्राथमिक अहवाल, लांबणीवर टाकलेल्या चाचण्या, अंतिम अहवालाची मुदत, असा कमिशनिंगचा स्वतंत्र अध्याय ना २००७ च्या संहितेत होता, ना २०१७ च्या सुधारित संहितेत. त्यानंतर २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती वाढली, संहितेच्या नावात 'शाश्वत' हा शब्द आला आणि २०२४ मध्ये नवी संहिता प्रसिद्ध झाली. स्थानिक हवामानानुसार संहितेत फेरफार करण्याचा अधिकार कायद्याने राज्यांना दिला आहे, आणि बांधकामाचे परवाने तर महापालिका व नगरपालिकाच देतात. म्हणजे संहितेचे भवितव्य दिल्लीत जेवढे ठरते तेवढेच महापालिकेच्या इमारत-परवाना खात्यात ठरते.

या संदर्भात महाराष्ट्रासारख्या राज्याने काय करावे, हे सांगण्यासाठी परदेशी संहितेचे शब्दशः भाषांतर करण्याची आवश्यकता नाही. तिथे गरम करण्याच्या यंत्रणेवर जेवढा भर आहे तेवढा मुंबईच्या दमट हवेत निरर्थक आहे. येथील परीक्षा ऐन मे महिन्यात आणि नंतर जुलैच्या ओलाव्यात घेतली पाहिजे. आरंभ सरकारी इमारतींपासून करता येईल. नवे जिल्हा रुग्णालय किंवा प्रशासकीय भवन ताब्यात घेताना त्रयस्थ अभियंत्याची कार्यपरीक्षा ही कंत्राटाचीच अट करावी, कंत्राटदाराच्या अखेरच्या हप्त्याचा काही भाग उन्हाळ्यातील चाचणीपर्यंत राखून ठेवावा, आणि अहवाल त्या इमारतीच्या विद्युत पर्यवेक्षकाच्या टेबलावर असावा, मंत्रालयातील कपाटात नसावा. खासगी इमारतींवरील सक्ती त्यानंतर आणि टप्प्याटप्प्याने यावी.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आणखी एक अहवाल म्हणजे आणखी एक टेबल, आणि आणखी एक टेबल म्हणजे 'कमिशन' शब्दाचा तो पहिला, परिचित अर्थ! या देशात प्रमाणपत्रे विकत मिळू शकतात, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याला उत्तर एवढेच, की कार्यपरीक्षेचा निकाल अन्य प्रमाणपत्रांप्रमाणे कायमचा लपून राहत नाही. दर महिन्याचे वीजबिल त्याची फेरतपासणी करीत असते. सार्वजनिक इमारतींचा अहवाल आणि त्यांचा दर चौरस मीटरचा वार्षिक वीजवापर दर्शनी भागात लावण्याची सक्ती केली, तर खोटा अहवाल देणाऱ्याला त्याच इमारतीच्या मीटरला तोंड द्यावे लागेल. तिथे काम करणारा कारकून आणि तिथे येणारा विद्यार्थी, दोघेही तो आकडा वाचू शकतील.

भर उन्हाळ्यात कार्यालयात शाल पांघरून बसलेले कर्मचारी आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला घामाने निथळणारे त्यांचे सहकारी, हे दृश्य आपल्याकडे अपवादात्मक राहिलेले नाही. त्या इमारतीचा नकाशा मंजूर झालेला असतो, यंत्रे उत्तम प्रतीची असतात, आणि त्यांची किंमतही जनतेने मोजलेली असते. राहून गेलेली असते ती शेवटची, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी दिखाऊ अशी पायरी. फीत कापण्यापूर्वी आठवडाभर कोणीतरी झडपा उघडून पाहणे, ही ती पायरी होय. ती गाळण्याची मुभा कायदा देत आहे तोवर ऊर्जा-बचतीचे आकडे नकाशावरच राहतील आणि वीजबिले इमारतीत येत राहतील.